चव

मुहर्रकच्या पुढे, हिद्दच्या वाटेवर, आमची प्रयोगशाळा.
जाड नळातून समुद्र आत येतो,
बारीक नळातून गोड होऊन बाहेर जातो,
मधे मी, सकाळी सहापासून
बाटल्यांवर तारीख लिहीत.
लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार,
एवढाच माझा समुद्र.

हाजी मरहून आमचा जुना पहारेकरी.
निवृत्त झाला, तरी गुरुवारी येतो
खजूर आणि कडू कावा घेऊन.
आमचं पाणी मात्र पीत नाही.
"धुतलेलं आहे," म्हणतो.
"पाणी कधी धुतात का?"

त्याची हिंदी बापाकडून आलेली,
बापाची मुंबईच्या गोदीतून.
बापाचं नाव मक्की.
मोत्यांच्या गलबतावर साठ माणसं, चार महिने,
चहूकडे पाणी आणि जीभ टाळूला चिकटलेली.
बाकीचे बुडी मारायचे शिंपल्यांसाठी,
मक्की पाण्यासाठी.

पायाला दगड, काखेत बकरीच्या कातड्याची रिकामी पखाल.
तळाशी डोळ्यांचा उपयोग नाही, तो गाल पुढे करायचा.
कुठेतरी वाळू उकळल्यासारखी हलते,
आणि गालाला गार लागतं,
झोपलेल्यावर कुणी फुंकर घालावी तसं.
तिथे पखालीचं तोंड दाबून धरायचं.
छातीत श्वास संपत आलेला, कातडं फुगत चाललेलं.
मग अंगठ्याने तोंड बंद, दगड सोडला,
आणि एका समुद्रातून दुसरं पाणी घेऊन वर.

पहिला घोट नाखव्याचा.
तो थुंकला तर सगळं ओतून पुन्हा खाली.

तळाच्या अशा झऱ्याला कौकब म्हणतात.
म्हणजे तारा.
हे त्याने खजुराची बी काढता काढता सांगितलं,
काही विशेष नसल्यासारखं.

मोती लाल फडक्यात बांधून मुंबईला जायचे.
तिथे त्यांची चव काढत. चव म्हणजे वजनाचा हिशेब,
हे मला इथे येऊन कळलं, मराठी असून.
मोत्याचं पाणी पारखायला तिथे दलाल बसलेले.
गलबताच्या वहीत मात्र
प्रत्येक पाणबुड्याच्या नावापुढे कर्ज,
आणि मक्कीच्या नावापुढे
नुसतं 'पाणी'.

मी पेणच्या खारेपाटातली.
आमच्याकडे उधाणाने बांध फुटला
की विहिरीचा भरवसा जायचा.
आई बोट बुडवून जिभेला लावायची,
आणि कळशी भरायची किंवा नाही भरायची.
मचूळ, म्हणायची, नाक न मुरडता.
मरहूनला मी तो शब्द समजावू लागले,
खारट नाही, गोडही नाही,
तर तो म्हणाला, हमाज.
दोघेही गप्प झालो.
कोष्टकात या दोन्ही शब्दांना रकाना नाही.

"दाखवशील कुठे होता?" मी विचारलं.
शुक्रवारी त्याने गाडीत बसवलं.
वाटलं, धक्क्यावर नेईल, होडी काढेल.
नेलं एका चौकात.
समुद्र बुजवून केलेली जमीन, चार रस्ते,
मधे गवत आणि गवतावर फवारे,
माझ्याच कारखान्याचं पाणी.
त्याने मशिदीचा मिनार पाहिला, पाण्याची जुनी टाकी पाहिली,
बाप खुणा धरायचा तशा,
दहा पावलं डावीकडे गेला. "इथे.
आठ वर्षांचा होतो तेव्हा एकदा प्यालोय."

मग हळूच, गुडघे धरत, वाकला
आणि डांबराला गाल लावला.

गाड्यांचे भोंगे. मी हात करून त्या थांबवत होते
आणि दुसऱ्या हाताने पर्समधली नमुन्याची बाटली
उगीच घट्ट धरून होते.
बऱ्याच वेळाने उठला, गालावर खडी रुतलेली.
"गरम आहे," एवढंच म्हणाला.

सोमवारी तपासणीत साहेबांना फळीवर एक बाटली दिसली.
स्थळ: चौक. क्षार: रेघ. चव: रेघ.
ही रिकामी का?
कोरा नमुना, मी म्हणाले.
त्यांनी सही केली.